मासा आणि माशी

रोमजवळच्या प्रिनेस्ट या गावचा ईलियन हा ग्रंथकार इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस व तिसऱ्याच्या आरंभी होऊन गेला. जन्माने रोमन असूनही त्याने लिहिले ते ग्रीक भाषेत. प्राण्यांच्या स्वभावावरील त्याच्या सतरा भागांच्या ग्रंथात खऱ्याखोट्याची इतकी सरमिसळ आहे की, त्यातील कोणत्याही हकीकतीवर एकदम विश्वास टाकू नये. परंतु पंधराव्या भागात त्याने मॅसिडोनियातील एका नदीविषयी जे लिहून ठेवले आहे, त्याची सत्यता आजही कोणालाही नदीकाठी बसून पडताळून पाहता येईल.

बेरिया आणि थेसलनायका या दोन नगरांच्या मध्ये ॲस्ट्रियस नावाची नदी वाहते, असे तो सांगतो. तिच्यात अंगावर ठिपके असलेले मासे आहेत. पाण्यावर तरंगत उडणारी एक विशिष्ट माशी हे त्यांचे आवडते खाद्य होय. ती पाण्याला टेकलेली दिसली की, मासा पाणी जराही न ढवळता तिच्या सावलीखालून हळूच वर येतो, तोंड उघडून तिला गिळतो आणि पुन्हा तळाशी जातो. कोळ्यांना हे ठाऊक आहे. पण ते ती माशी आमिष म्हणून वापरीत नाहीत. माणसाच्या हाताचा स्पर्श होताच तिचा रंग उडतो, पंख चुरगळतात आणि मग मासा तिला तोंड लावीत नाही. म्हणून ते गळाभोवती किरमिजी लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गलोलीखाली उगवणारी, मेणाच्या रंगाची दोन पिसे तिच्यावर बसवितात. काठी सहा फुटांची, दोरीही तेवढीच. मासा रंगाला भुलतो आणि फसतो.

कृत्रिम माशीने मासा धरण्याच्या विद्येचे हे सर्वांत जुने स्पष्ट वर्णन मानले जाते. ती मूळ माशी नेमकी कोणती, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. परंतु महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. मॅसिडोनियाच्या त्या निनावी कोळ्यांनी आमिष शोधले नाही; त्यांनी नक्कल केली. आमिषासाठी माशाची भूक ओळखली म्हणजे पुरते. नकलेसाठी माशाला काय दिसते, हे ओळखावे लागते. मराठीत 'मासा' आणि 'माशी' हे शब्द एकमेकांचे इतके शेजारी आहेत की, ऐकणाऱ्याला ते सख्खे वाटावेत. वस्तुतः एक 'मत्स्या'पासून आला, दुसरा 'मक्षिके'पासून. शब्दांचे नाते असे वरवरचे असले, तरी थंड पाण्याच्या नदीत त्या दोन जिवांचे नाते फार खोल आहे.

हा ठिपकेदार मासा म्हणजे ट्राउट. युरोपातील तपकिरी ट्राउट आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील इंद्रधनुषी ट्राउट या त्याच्या दोन प्रसिद्ध जाती. दोघांनाही थंड, स्वच्छ आणि प्राणवायूने भरलेले वाहते पाणी लागते. अशा पाण्यात अन्न म्हणून जे मुबलक मिळते ते मुख्यतः कीटक, आणि त्यांतही आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली काढणारे कीटक. त्यांतील सर्वांत नामांकित तो मेफ्लाय. इंग्लंडात याची मोठी जात मे महिन्याच्या सुमारास उडते म्हणून हे नाव पडले. त्याचे शास्त्रीय नाव ग्रीक भाषेतून घेतलेले आहे आणि त्याचा अर्थ 'एक दिवस जगणारा' असा आहे. नाव काव्यमय आहे, पण पुरते खरे नाही. तळाच्या गाळात किंवा दगडाखाली हा प्राणी अळीच्या रूपात वर्ष-दोन वर्षे जगलेला असतो. मग एखाद्या दुपारी तो पृष्ठभागावर येतो, पाठीवरची कात उकलतो आणि पाण्यावरच उभा राहून नव्या पंखांतील पाणी सुकवितो. या वेळी त्याचा रंग मळकट असतो. काठावरच्या झुडपात जाऊन तो पुन्हा एकदा कात टाकतो, आणि आता त्याचे पंख काचेसारखे पारदर्शक होतात. उडता पंख फुटल्यानंतर पुन्हा कात टाकणारा दुसरा कीटक सृष्टीत नाही. या अवस्थेत त्याला चालते तोंडही नसते. खाण्यापिण्याचा व्यवहार संपलेला असतो. संध्याकाळी थवे नाचतात, माद्या पाण्यावर अंडी सोडतात आणि पंख पसरून त्याच पाण्यावर मरून पडतात.

मासा या प्रत्येक पायरीवर त्याची वाट पाहत असतो. वर येणारी अळी, पंख सुकविणारा कीटक आणि पसरल्या पंखांनी वाहत जाणारे कलेवर ही माशाच्या दृष्टीने तीन वेगळी पक्वान्ने आहेत. यांत भर म्हणून वाळूचे कण आणि काटक्या आपल्याच रेशमाने चिकटवून अंगाभोवती घर बांधणारी कॅडिसची अळी, दगडांवर सरपटणारा स्टोनफ्लाय आणि असंख्य चिलटे. एखाद्या वेळी एकाच जातीचे कीटक हजारांनी वर येऊ लागले की, ट्राउट त्या जातीवर असा हटून बसतो की, शेजारून वाहत जाणाऱ्या दुसऱ्या खाद्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ज्याच्या गळावर त्या घटकेची, त्या जातीची आणि त्या अवस्थेची माशी नाही, त्याने खुशाल घरी जावे.

ही माशी बांधतात कशी, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. गळ एका छोट्या पकडीत आवळून धरतात. मेण लावलेला रेशमी दोरा त्याच्या दांडीवरून गुंडाळीत मागे नेतात आणि पिसाचे दोन-तीन तंतू शेपटी म्हणून बांधतात. सशाच्या कानावरील लव दोऱ्यावर पिळून तिचे शरीर करतात. शेवटी कोंबड्याच्या मानेवरचे लांब, चिवट पीस गळाभोवती कडेने गुंडाळले की, त्याचे केस चहूबाजूंनी उभे राहतात. या केसांच्या टोकांवर माशी पाण्याच्या पृष्ठभागावर तोलून उभी राहते. पुरी माशी बहुधा बोटाच्या नखाहून मोठी नसते.

मासे गळाने धरण्याची करमणूक दक्षिण भारताला अपरिचित नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथाचे नाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला चांगले माहीत आहे, कारण बाराव्या शतकातील या ग्रंथात मराठीचे काही जुने अवशेष सापडतात. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे, याचा मात्र सहसा उल्लेख होत नाही. माशांच्या जाती, त्यांची वसतिस्थाने, त्यांना घालावयाचे खाद्य, काठी आणि दोरी यांचा त्यात पद्धतशीर विचार केला आहे. इंग्लंडातील या विषयावरील पहिले छापील पुस्तक त्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी निघाले. प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून ते शास्त्रज्ञांच्या नजरेस आणले. सोमेश्वराचा भर खऱ्या खाद्यावर आहे, आणि ते साहजिकच होते. दख्खनच्या उबदार, संथ पाण्यातील माशांचा आहार निराळा. कृत्रिम माशीची गरज जेथे मासा कीटकावर जगतो तेथेच निर्माण व्हावयाची.

ते इंग्रजी पुस्तक १४९६ साली वेस्टमिन्स्टर येथे विंकिन द वर्ड या मुद्रकाने छापले. ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका मठाधिकारिणीने ते लिहिले अशी परंपरा आहे. पण तिला भक्कम पुरावा नाही. त्यात बारा माश्या सांगितल्या आहेत आणि कोणत्या महिन्यात कोणती वापरावी हेही दिले आहे. म्हणजे कीटकांचे पंचांगच ते. पुढे १६५३ साली आयझॅक वॉल्टनचे सुप्रसिद्ध पुस्तक निघाले. वॉल्टनचे गद्य गोड. परंतु माशीच्या बाबतीत त्याची मजल बेताचीच होती. ती उणीव त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने १६७६ च्या आवृत्तीत दुसरा भाग जोडून भरून काढली. कॉटन डर्बीशायरमधील डव्ह नदीच्या काठी राहत असे आणि स्वतः माश्या बांधीत असे. त्याने पासष्ट माश्यांची यादी दिली. स्पेनमध्ये १६२४ साली अस्टोर्गा येथे लिहिल्या गेलेल्या एका हस्तलिखितातही अशाच माश्यांचे तपशील होते. त्यांना लागणाऱ्या पिसांसाठी लेऑन प्रांताच्या डोंगरी खेड्यांत कोंबड्यांचे खास वाण जपले जाते. कोंबडा न मारता वर्षातून काही वेळा त्याची पिसे तेवढी उपटून घेतात.

पण कॉटनपर्यंतचे हे ज्ञान कोळ्याचे होते. 'अमक्या महिन्यात अमकी माशी' एवढे त्याला पुरत असे. तो कीटक कोण, कोठून आला, या प्रश्नांशी त्याला कर्तव्य नव्हते. ते आल्फ्रेड रोनल्ड्सने विचारले. स्टॅफर्डशायरमधील ब्लाइथ नदीच्या काठी त्याने एक झोपडीवजा निरीक्षणगृह बांधले आणि आत बसून माशांकडे पाहण्याचा उद्योग सुरू केला. मासा ऐकतो काय, हे पाहण्यासाठी त्याने आडोशाला बंदुका झाडविल्या. पाण्यातील ट्राउट जागचा हलला नाही. माशाला चव कळते काय, हे पाहण्यासाठी त्याने मेलेल्या माश्यांना तिखट आणि मोहरी चोपडून त्या नळीतून फुंकून पाण्यावर टाकल्या. माशांनी त्याही खाल्ल्या. पाण्यात शिरताना प्रकाशाचे किरण वाकतात, तेव्हा काठावरचा माणूस माशाला कोठे आणि कसा दिसत असेल, याची त्याने आकृती काढली. १८३६ साली 'द फ्लाय-फिशर्स एन्टमॉलॉजी' हे त्याचे पुस्तक निघाले. त्यातील ताम्रपटांवर खरा कीटक आणि त्याची बांधलेली प्रतिकृती शेजारी शेजारी रंगविलेली आहे, आणि कीटकाला त्याचे शास्त्रीय कुळ दिलेले आहे. हे ताम्रपट रोनल्ड्सने स्वतः कोरले. कोळ्याची माशी आणि शास्त्रज्ञाचा कीटक या दोघांची पुस्तकात प्रथमच अशी समोरासमोर भेट झाली. रोनल्ड्स पुढे ऑस्ट्रेलियात गेला आणि १८६० साली तेथेच वारला.

त्याची ती आकृती ज्या प्रश्नाकडे बोट दाखवीत होती, त्या प्रश्नाने पुढची शंभर वर्षे गाजविली. पाण्याखालून वर पाहणाऱ्या डोळ्याला सर्व पृष्ठभाग पारदर्शक दिसत नाही. डोक्यावर सुमारे सत्त्याण्णव अंशांच्या कोनात मावणारी एक गोल खिडकी तेवढी उघडी असते आणि तिच्यातून वरचे सारे जग आकसून दिसते. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग म्हणजे आरसा. त्यात नदीच्या तळाचेच प्रतिबिंब पडते. तरंगत येणारी माशी प्रथम या आरशात प्रवेश करते. तेव्हा माशाला तिचे अंग दिसत नाही. पाण्याच्या पापुद्र्यावर तिच्या पायांनी पडलेले खळगे तेवढे प्रकाशाच्या ठिपक्यांसारखे चमकतात. खिडकीच्या कडेशी आल्यावर आधी पंख दिसतात, मग धड. माणसाने वरून पाहून, रंग जुळवून केलेली नक्कल आणि माशाने खालून पाहिलेली वस्तू यांत केवढे अंतर पडते, याची यावरून कल्पना यावी.

या अंतराचा विचार न करता नकलेच्या पूर्णतेचा ध्यास घेणारा मनुष्य म्हणजे फ्रेडरिक हॅलफर्ड. हँपशायरमधील टेस्ट आणि इचन या चुनखडीतून उगवणाऱ्या नद्यांचे पाणी काचेसारखे नितळ, प्रवाह एकसारखा आणि मासे धूर्त. हॅलफर्डने जॉर्ज मॅरियट या मित्राच्या साह्याने तेथील कीटक पकडले, रंग तपासले आणि १८८६ साली तरंगत्या माश्यांवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात सुमारे नव्वद माश्यांच्या कृती आहेत. मॅरियटचा त्यात मोठा वाटा होता. पण सहलेखक म्हणून नाव घालण्यास त्याने नकार दिला. इतक्या निःस्पृहपणाची उदाहरणे ग्रंथकारांत फारशी आढळत नाहीत! हॅलफर्डचे निरीक्षण उत्तम होते. परंतु शिष्यांच्या हाती ते निरीक्षण न राहता धर्मशास्त्र झाले. मासा वर येऊन कीटक टिपताना दिसल्याशिवाय गळ टाकू नये. टाकावयाचा तो प्रवाहाच्या वरच्या दिशेने. आणि माशी पृष्ठभागावर कोरडीच तरंगली पाहिजे. याखेरीज जे काही, ते सभ्य माणसाला न शोभणारे, असा दंडक पडला.

या दंडकाला आव्हान दिले ते जॉर्ज स्क्यूज या लंडनच्या वकिलाने. इचन नदीवर सुट्टीच्या दिवशी मासेमारी करताना एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. पृष्ठभागाला वलये उठवून मासा खातो, तेव्हा तो पंखवाला कीटकच खात असतो असे नाही. पुष्कळदा तो पृष्ठभागाच्या लगत, खालीच, वर येणाऱ्या अळ्या टिपीत असतो. स्क्यूजने वाद घालण्यापूर्वी पुरावा गोळा केला. हाडातील मगज काढावयाचा लांब, अरुंद चमचा तो धरलेल्या माशाच्या घशातून आत घाली आणि बाहेर आलेले अन्न पांढऱ्या बशीतील पाण्यात पसरून मोजी. बशीत पंखांपेक्षा अळ्याच अधिक निघाल्या. मग त्याने बुडत्या अळीच्या प्रतिकृती बांधल्या आणि १९१० साली त्यावर पुस्तक लिहिले. त्याच वर्षी हॅलफर्डने आपली यादी छाटून तेहतीस माश्यांवर आणली होती. ज्ञानाची एक वाट आखडत असताना तिच्या शेजारीच दुसरी रुंदावत होती, असा हा योग. १९२१ सालच्या पुस्तकात तर स्क्यूजने माशाला काय दिसते, काय कळते आणि तो फसतो तरी कसा, याचाच धांडोळा घेतला.

तरीही वकील बशीतला पुरावा मांडीत राहिला आणि न्यायाधीश मंडळी रूढीचा दाखला देत राहिली. १९३८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात अळीच्या वापरावर जाहीर वादसभा भरली. ऐंशीच्या उंबरठ्यावर असलेला स्क्यूज जवळजवळ एकाकी पडला. ज्या इचन नदीवर त्याने पन्नासांहून अधिक वर्षे काढली होती, तेथून त्याच वर्षी तो निघून गेला. मासा कसा धरावा यावरून माणसे इतकी हातघाईवर यावीत, हे बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटेल. पण मुद्दा माशाचा नव्हताच. नदीत प्रत्यक्ष काय घडते हे प्रमाण, की ज्येष्ठांनी काय घडावे असे ठरविले ते प्रमाण, हा तो मुद्दा होता. सरकारी दप्तरांतून किंवा पंडितांच्या सभांतून ज्यांनी आयुष्य घालविले आहे, त्यांना हा झगडा परका वाटू नये.

स्क्यूजच्या बाजूने अखेरचा निकाल एका नदीरक्षकाने दिला. फ्रँक सॉयर हा विल्टशायरमध्ये एव्हन नदीची राखण करणारा मनुष्य; स्क्यूजने उतारवयात त्याला लिहिण्याची उमेद दिली होती. बारमास नदीत वावरणाऱ्या सॉयरने पाहिले की, पोहणारी अळी पाय अंगाशी घट्ट मिटून घेते. मग प्रतिकृतीला पाय हवेत कशाला? त्याने रेशमी दोराही टाकून दिला. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तांबूस तंतू आणि तांब्याची बारीक तार, एवढ्या दोनच वस्तूंची त्याची अळी १९५८ च्या पुस्तकातून जगभर पसरली. हॅलफर्डच्या नव्वदांपुढे ही एक अगदी दरिद्री दिसते. पण तीत जे गाळले आहे, ते पाहून गाळले आहे.

या सर्व काळात ट्राउट मात्र आपल्या मूळ नद्यांत राहिला नव्हता. इंग्रज जेथे गेला तेथे हा मासा नेण्याचा त्याने हट्ट धरला. १८६४ साली शेवाळ आणि बर्फ यांत बांधलेली अंडी जहाजाने टास्मानियात जिवंत पोहोचली, आणि विषुववृत्त ओलांडण्याचा प्रश्न सुटला. निलगिरीवर ट्राउट आणण्याचे प्रयत्न त्याच दशकात फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टराने केले होते, ते फसले. पुढे हिंदुस्थानातील माशांवरील महत्त्वाचा ग्रंथ लिहिणारा डे तो हाच. निलगिरीच्या थंड ओढ्यांत इंद्रधनुषी ट्राउट रुजला तो विसाव्या शतकाच्या आरंभी, एच. सी. विल्सन याच्या खटपटीने. काश्मीरसाठी ड्यूक ऑफ बेडफर्डने १८९९ साली पाठविलेली अंडी वाटेतच नासली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली मात्र तगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालविणाऱ्या फ्रँक मिचेलने त्यातून निघालेली पिले वाढविली. १९०९ साली काश्मीरहून हा मासा कुलूच्या खोऱ्यात गेला. त्याच्या आगमनाची किंमत काही ओढ्यांतील मूळच्या माशांना द्यावी लागली, हेही नोंदविले पाहिजे. ज्यांना साहेबांनी 'स्नो ट्राउट' म्हटले, पण जे कुळाने आपल्या रोहूचे नातलग आहेत, ते मासे अनेक ठिकाणी मागे हटले.

येथे नकलेच्या सिद्धान्ताची मोठी मौजेची परीक्षा झाली. असाच एक प्रसंग अमेरिकेत आधी घडून गेला होता. थिओडोर गॉर्डन या न्यूयॉर्ककडील क्षयाच्या रोग्याने हॅलफर्डला पत्र लिहिले आणि १८९० साली हॅलफर्डने त्याला आपल्या माश्यांचे नमुने धाडले. गॉर्डनने पाहिले, तर नेव्हरसिंक नदीवरील कीटक इंग्लंडच्या कीटकांसारखे नव्हते. त्याने नमुना ठेवला, रंग बदलले आणि अमेरिकन माशी निर्माण झाली. काश्मीरात मात्र लिद्दरच्या काठी उभ्या राहणाऱ्या साहेबाच्या पेटीत बहुधा विलायतेच्या कीटकांच्याच प्रतिकृती असत, आणि हिमालयातील कीटकांवर वाढलेला स्कॉटिश वंशाचा ट्राउट त्यांनाही बळी पडे. ज्याने तो विलायती कीटक जन्मात पाहिला नाही, तो त्याच्या चित्राला भुलतो कसा? याचे एक उत्तर असे की, मासा जात ओळखीत नसून आकार, बांधा आणि हालचाल ओळखतो. दुसरे असे की, दोन्हीकडचे कीटक वाटतात तेवढे परके नाहीत. 'बीटिस' नावाचा लहान मेफ्लाय टेस्ट नदीत आहे, तसा हिमालयातही आहे. जाती निराळ्या, गोत्र एक.

हिमालयाच्या या प्रपातांतील प्राण्यांचा कसून अभ्यास ज्यांनी केला ते डॉ. होराच. धबधब्याखालच्या दगडाला कीटकाची अळी चिकटून राहते कशी, मासा वाहून का जात नाही, त्यांच्या शरीरावर कोणत्या गाद्या आणि चूषके निर्माण झाली, यावरील त्यांचा निबंध १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. पोटावर सहा चूषके असलेली एक अळी तर पाण्याच्या लोटाखाली, माणसाचा पाय ठरणार नाही अशा खडकावर आरामात चरते. सोमेश्वराचा 'मत्स्यविनोद' वाचणारा आणि हिमालयातील दगड उलटून पाहणारा अभ्यासक एकच असावा, हा योगायोग खचित नव्हे.

आता पिसांविषयी. ईलियनने सांगितलेली मेणाच्या रंगाची पिसे साध्या कोंबड्याची होती. पण एकोणिसाव्या शतकात, विशेषतः सॅमनसाठी बांधावयाच्या माश्यांत, नकलेचा मूळ हेतू मागे पडला आणि शोभेची चढाओढ लागली. त्यासाठी जगभरचे पक्षी कामी आले. त्यांत एक आपल्या सह्याद्रीतला आहे. राखी रानकोंबडा महाबळेश्वरच्या रानात पहाटे आरवताना अनेकांनी ऐकला असेल. नराच्या मानेवरील काळसर पिसांवर पिवळट पांढरे टिपके असतात आणि त्या ठिकाणी पीस चपटे, कडक होऊन लाखेचा थेंब गोठल्यासारखे चमकते. माशीच्या डोक्याशी हे पीस बसविले की, डोळा लावल्यासारखे दिसते. या 'डोळ्या'साठी रानकोंबड्याच्या माना पेट्याच्या पेट्या भरून विलायतेस गेल्या. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांची पिसे व कातडी परदेशी पाठविण्यास बंदी केली. तरी चोरटा व्यापार चालू राहिला. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण दिले आणि आंतरराष्ट्रीय करारानेही त्याच्या व्यापारावर निर्बंध आले. विलायतेत आता पिंजऱ्यात पाळलेल्या रानकोंबड्यांची पिसे विकली जातात. पण हव्यास सरलेला नाही. २००९ साली ट्रिंग येथील संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीस गेली, ती याच कामासाठी. त्यांतील काही वॉलेसने दीडशे वर्षांपूर्वी गोळा केलेली होती. अशा माश्या बांधणाऱ्यांपैकी कित्येक जण त्या पाण्यात कधी टाकीतही नाहीत. काचेच्या पेटीत ठेवतात! सॉयरची तांब्याची तार आणि ही पेटी, दोन्ही एकाच विद्येची अपत्ये आहेत हे सांगूनही खरे वाटत नाही.

या विद्येचा अलीकडचा उपयोग मात्र कोणी कल्पिला नव्हता. ज्या माणसाला कोणत्या आठवड्यात कोणता कीटक उडावयाचा हे पाठ असते, त्यालाच तो उडाला नाही हे प्रथम कळते. मेंढ्यांच्या अंगावरील गोचिड्या मारण्यासाठी वापरलेले सायपरमेथ्रिन ओढ्यांत उतरून इंग्लंड-वेल्समधील जलकीटकांचा फडशा पाडीत होते. तेथे मेंढ्यांना बुचकळण्याच्या त्या औषधाची विक्री २००६ साली थांबविण्यात आली. नद्यांवरील कीटक कमी होत असल्याची तक्रार गळ टाकणारे लोक त्यापूर्वीपासून करीत होते. २००७ पासून त्यांच्यापैकी शेकडो जण स्वयंसेवक म्हणून ठरलेल्या जागी दर महिन्याला नदीत उतरतात, तीन मिनिटे तळ पायाने ढवळून खाली धरलेल्या जाळीत जे येईल ते पांढऱ्या थाळीत ओततात आणि आठ प्रकारचे प्राणी मोजतात. आकडा ठरावीक मर्यादेखाली गेला की, वरच्या बाजूस कोणीतरी काहीतरी सोडले आहे असे समजून सरकारी खात्याला कळवितात. स्क्यूजची बशी आणि ही थाळी यांत रंगाचाही फरक नाही.

हिमालयाच्या ओढ्यांवर अशी थाळी क्वचितच भरते. तेथील कित्येक कीटकांची फक्त अळी शास्त्राला माहीत आहे. कित्येकांचे फक्त पंखधारी रूप. कोणती अळी कोणाची, ही जोडी जुळवावयाची तर अळी जिवंत आणून थंड वाहत्या पाण्यात वाढवावी लागते, आणि ती वर येऊन कात टाकीपर्यंत जवळ बसून राहावे लागते.